होडीच्या सावलीत

आम्हा दोघांना एकाच दुपारी कामावरून काढलं. लखनऊच्या गोमती नगरातल्या एका उंच इमारतीत बसून आम्ही फोनवर लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकायचो. त्या दिवशी एकेकाला आत बोलावलं, कागदावर सही घेतली आणि गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. खाली माझ्या मित्राची स्कूटर उभी होती. तिच्याजवळ आम्ही बराच वेळ नुसते उभे राहिलो. मग त्याने मला महानगर भागातल्या माझ्या घरापाशी सोडलं आणि तो आलमबागला निघून गेला, रोज जायचा तसाच.

त्या ऑफिसात माझा तो एकटाच मित्र. वडील लहानपणीच गेलेले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत तो आणि त्याची अम्मा राहायचे. अम्मा घरी ब्लाउज शिवायची. माझं घर वेगळं. बाबा बँकेच्या बदलीवर अकोल्याहून लखनऊला आले ते इथलेच झाले. आई माझ्याशी मराठीत बोलायची आणि मी बरेचदा हिंदीतच उत्तर द्यायचो. नोकरी गेल्याचं मात्र मी तिला कुठल्याच भाषेत सांगू शकलो नाही. त्यानेही घरी सांगितलं नाही. आठवडाभर आम्ही दोघं सकाळी डबे घेऊन बाहेर पडायचो, गोमतीच्या काठावर एका बाकावर बसून ते खायचो आणि संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून घरी जायचो.

समुद्राची कल्पना त्याची. त्याने तो कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याला वाटायचं मराठी माणसाच्या दारातच समुद्र असतो. लखनऊहून पुरीला थेट गाडी जाते, जनरलनं जाऊ, लॉज घ्यायचाच नाही, वाळूवर झोपू, असं त्याने सगळं ठरवून टाकलं. पोरं असं हिंडतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, ते तो मला दाखवायचा. घरी आम्ही सांगितलं की कंपनी ट्रेनिंगला भुवनेश्वरला पाठवते आहे. अम्मानं पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. माझ्या आईनं चिवडा दिला.

जनरलच्या डब्यात दोघांत मिळून एकच बूड टेकेल एवढी जागा मिळाली. आळीपाळीनं बसलो. तो सारखा पाणी प्यायचा आणि सारखा उठून संडासाकडे जायचा. खाली बसलेल्या माणसांच्या अंगावरून जाताना दर वेळी शिव्या खायचा. मला हसू यायचं. मी त्याला म्हणायचो, तू म्हणजे नळ आहेस. त्या पाण्याचा अर्थ पुढे डॉक्टरांनी सांगितला, तोपर्यंत उशीर झाला होता.

स्वस्तात हिंडण्याची मजा दोन दिवस टिकली. तो पहिल्यांदा पाण्यात शिरला तेव्हा कपड्यांसकट शिरला. तेवढं मला चांगलं आठवतं. पहिल्या रात्री आम्ही मोठ्या किनाऱ्यावर दिव्यांखाली पडलो, तर हवालदारानं काठीनं डिवचून उठवलं. मग आम्ही बरेच लांब, कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात तिथे गेलो. तिथे कुणी हटकत नव्हतं. पण वाळूवर झोपणं व्हिडिओत दिसतं तसं नसतं. दवानं आणि खाऱ्या वाऱ्यानं चादर ओली होऊन जड व्हायची. कानात, दातांत, डोळ्यांच्या कडांना वाळू. कुत्री अंगाशी येऊन हुंगायची. पहाटे उठून बघावं तर हाताच्या अंतरावर लोक शौचाला बसलेले असायचे. अंघोळ सार्वजनिक संडासाच्या नळावर, जेवण दिवसातून एकदाच भात आणि डाळ, बाकी मुरमुरे. तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी चिडून बोलायला लागलो होतो. परत जाऊ, असं मात्र कुणीच म्हणत नव्हतं. घरी जाऊन करायचं काय, हे ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या उशाची बॅग गेली. तिच्यात त्याचा फोन, कपडे आणि चपला होत्या. आधार कार्ड पँटच्या खिशात असल्यामुळे तेवढं वाचलं. माझे बूट त्याला होत नव्हते. चप्पल घेऊ म्हटलं, तर वाळूत कशाला हवी म्हणाला. त्याच दिवशी एका मोडक्या होडीच्या फळीवर त्याचा पाय पडला आणि गंजका खिळा तळव्यात घुसला. त्याने समुद्राच्या पाण्यात पाय धुतला. मी माझा रुमाल बांधला. औषधाच्या दुकानातल्या माणसानं गोळ्या दिल्या आणि इंजेक्शन सरकारी दवाखान्यात घ्या म्हणून सांगितलं. दवाखाना लांब होता. उद्या जाऊ म्हणालो.

तो उद्या दोनदा पुढे गेला. पाय सुजला, बोटांजवळची कातडी काळपट दिसायला लागली, रुमाल सोडला की वास यायचा. ताप भरला. तो एका होडीच्या आडोशाला पडून राहायचा आणि मी बाटल्या भरून आणत राहायचो. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याने पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, दवाखान्यात घेऊन चल. मी म्हटलं, सकाळी पहिलं काम तेच.

थोड्या वेळानं माझ्या फोनवर मेल आला. गोमती नगरातल्याच दुसऱ्या एका कंपनीत मी अर्ज केला होता. सोमवारी सकाळी मुलाखत. लखनऊची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि त्यानंतरची थेट परवा; तिनं गेलो तर मुलाखत हुकत होती. मी त्याला मेल वाचून दाखवला. का दाखवला, कोण जाणे. बहुधा त्यानं स्वतःच जा म्हणावं, अशी माझी इच्छा असावी. त्याने डोळे मिटूनच ऐकलं.

"परसों वाली से साथ चलेंगे," तो म्हणाला. "दो दिन रुक जा, यार."

मी हो म्हणालो.

रात्रभर तो कण्हत होता. उजाडताना त्याला झोप लागली. मी शेजारी बसून होतो. जाळी घेऊन माणसं होड्यांकडे यायला लागली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, फोनमध्ये वेळ पाहिली, परत त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ हे चाललं ते आठवत नाही. मग मी पाण्याची भरलेली बाटली आणि बिस्किटांचा पुडा त्याच्या हाताशी ठेवला आणि बॅग उचलली. त्याला उठवलं असतं तर मला जाता आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी त्याला उठवलं नाही.

जवळच एक बाई चहाची किटली घेऊन बसायची. तिला मी हिंदीत सांगितलं, माझा मित्र आजारी आहे, जरा बघा. तिनं माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बघून विचारलं, "तुम?" मी म्हटलं, दवा घेऊन येतो.

गाडीत मला बसायला जागा मिळाली. फोनला चार्जिंग होतं. अम्माचा नंबर माझ्याकडे नव्हता, पण आलमबागमध्ये कुणाला तरी गाठणं अवघड नव्हतं. आमच्याबरोबर काम करणारे दोघंतिघं त्याच भागातले होते. मी कुणालाच फोन केला नाही. केला असता तर भुवनेश्वरचं खोटं उघडं पडलं असतं, आणि मी कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं. मुलाखत झाली की स्वतः त्याच्या घरी जायचं, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

रविवारी रात्री घरी पोचलो. आईनं विचारलं ट्रेनिंग कसं झालं, मी म्हटलं छान. सोमवारी मुलाखत दिली. मंगळवारी कागद घेऊन बोलावलं. बुधवारी मी आलमबागला गेलो, तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या बाईनं सांगितलं, पुरीहून फोन आला होता, अम्मा भावाला घेऊन गेल्या. मुलाच्या पायाचं ऑपरेशन आहे, कापायचा म्हणतात. तुम्ही त्याच्याच ऑफिसातले ना, असंही तिनं विचारलं. मी मान हलवली आणि गल्लीतून बाहेर पडलो. मुख्य रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

नंतर कळलं ते असं. ऊन फिरलं आणि होडीची सावली त्याच्यावरून सरकली तेव्हा चहावाल्या बाईनं पाहिलं की तो उन्हात पडलाय आणि हलत नाही. तिनं दोन कोळ्यांना हाक मारली आणि त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर त्याने अम्माचा नंबर तोंडपाठ सांगितला. डॉक्टर म्हणाले, याला शुगर आहे, भलतीच वाढलेली, कधीपासून कुणास ठाऊक. चोवीस वर्षांचा मुलगा, कुणाला तपासायचं सुचणार. विष चढत होतं. डाव्या पायाचा अर्धा पंजा कापावा लागला.

महिन्याभरानं ते परतले. मी गेलो तेव्हा काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. अम्मानं दार उघडलं आणि मला जवळ घेतलं. ती रडत होती आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"बेटा, तूने अच्छा किया जो उसकी बात मान ली," ती म्हणाली. "बता रहा था, तू जाने को तैयार ही नहीं था. इसी ने ज़िद करके भेजा."

तो पलंगावर पाय उशीवर ठेवून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. अम्मानं मला जेवायला बसवलं, नोकरी लागली म्हणून हातावर गोड ठेवलं. मी जेवलो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

ती पाणी आणायला खाली गेली तेव्हा मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस. त्याने पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, इतक्या वर्षांत या घरी येणारा तू एकटाच आहेस. खरं सांगितलं असतं तर तुझंही येणं बंद झालं असतं, आणि अम्माला वाटलं असतं की मी माणसं ओळखतच नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साध्या आवाजात बोलला.

"सो रहा था मैं?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. पुन्हा कधी त्याने हा विषय काढला नाही.

पुढचं वर्षभर मी दर रविवारी जात होतो. पट्टी बदलायला नेणं, इन्सुलिन आणणं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहणं, हे सगळं करत होतो. गल्लीतले लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. अम्मा त्यांच्यासमोर माझं कौतुक करायची. ते ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटायचं आणि मी बसून राहायचो. शेवटी एका दुपारी तो तपासणीला गेला असताना मी तिला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. मी गाडीची वेळ सांगितली, मेलचं सांगितलं, बाईला काय खोटं बोललो तेही सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, धागा तोडला.

"ओढ़ाया था कुछ?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं, अंगावर काहीच घातलं नव्हतं. चादर माझ्या बॅगेत आली होती. खरं तर ती त्याचीच होती. घरी बॅग उघडल्यावर ते लक्षात आलं होतं. हे तिला सांगायचं माझं धाडस झालं नाही.

तिनं दुसरं कापड घेतलं आणि सुईत धागा ओवायला लागली. ओवला जात नव्हता. मी हात पुढे केला, तर तिनं सुई बाजूला घेतली. थोड्या वेळानं ती उठली, चहा केला आणि कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "लीजिए, आप पीजिए."

लखनऊमध्ये आप म्हणणं ही साधी रीत आहे. लोक लहान मुलांनाही आप म्हणतात. पण त्या घरात मला ती तू म्हणायची, बेटा म्हणायची. त्या दिवसानंतर कधीच म्हणाली नाही. हाकलूनही दिलं नाही. मुलाला तिनं काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

आता तो घराजवळच एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याच्या बुटात पुढच्या बाजूला कापूस भरलेला असतो. मला बढती मिळाली आहे. दर रविवारचं जाणं महिन्यावर आलं, मग सणासुदीवर. अम्माची नजर आता अधू झाली आहे, शिवण बंद आहे. गेल्या दिवाळीला मी मिठाई घेऊन गेलो. दारात मला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला. मग तिनं पदर सारखा केला, आत वळून मुलाला हाक मारली आणि सांगितलं की आपले मेहमान आलेत, त्यांना बसायला खुर्ची दे.