आबांच्या डोमेनची पॉलिसी

आमच्याकडे किस्से साठतात, कारण मेल पोचला म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने फोन केलेला नाही. पोचला नाही की मात्र रावेरपासून चाळीसगावपर्यंत सगळ्यांना आमचा नंबर तोंडपाठ! त्यामुळे जे साठतं ते बहुतेक रडकंच. तेच आम्ही चहाबरोबर एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

पूर्वी सांगायचे आबा. जळगावात राहत्या घराच्या खालीच त्यांनी हे ऑफिस टाकलं. लोकांची डोमेनं, म्हणजे इंटरनेटवरची नावं, वेबसाइट, मेल सांभाळायचं काम. मी इथे लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आता मुलगी बारावीला आहे. इरफान माझ्यानंतरचा. धुळ्याचा, रोज एसटीने येऊन-जाऊन करतो, दाढी पांढरी व्हायला लागली तरी वरच्या अक्का, म्हणजे आबांची बायको, त्याला अजून ‘धुयाना पोऱ्या’ म्हणतात. अक्का धुळ्याला धुयेच म्हणतात.

आबा मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खुर्चीवर आम्ही प्रिंटरची खोकी ठेवतो, रिकामी बघवत नाही.

आणि यंदा महिनाभर आबांच्या नावाने मेल येत होते. ‘तुमचं डोमेन संपत आलं आहे, खालच्या लिंकवर क्लिक करा. आपला, आबा.’ कुठल्या तरी चोराला त्यांचं डोमेन उघडं सापडलं. सगळ्या खान्देशाच्या डोमेनांना पॉलिसी लावून दिली या माणसाने, स्वतःच्या नावाचं तेवढं राहिलं. जुनी गिऱ्हाइकं आबांचं नाव बघून डोळे झाकून क्लिक करायची. हे मेल बंद करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण ते डोमेन आता अक्कांचं, आणि अक्का हो म्हणेनात.

*

पॉलिसी म्हणजे काय, हे आबा सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगायचे.

‘तुमच्या घरचं लग्न आहे. वरण-बट्टीची पंगत बसली आहे. दारात एक जण येतो, म्हणतो मी नवरदेवाकडचा. तुम्ही यादी बघता, यादीत तो नाही. आता काय करायचं?’

मग तीन बोटं वर. पहिलं, जेवू द्या, पण कोण होता ते मला कळवा. दुसरं, बाजूला बसवा. तिसरं, दारातूनच परत. मेलच्या भाषेत नन, क्वारंटाइन आणि रिजेक्ट. तुमच्या नावाने आलेल्या परक्या मेलचं समोरच्याने काय करायचं, ते तुम्हीच आधी सांगून ठेवायचं, एवढीच ती पॉलिसी.

एका जिनिंगवाल्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आबा, आमच्याकडे लग्नात यादी बघतं कोण? येईल तो जेवतो.’

आबांनी चष्मा काढून पुसला. ‘मग तुमचं पहिलं,’ म्हणाले.

*

रावेरचे एक केळीवाले होते, माल आखातात पाठवायचे. त्यांचा स्वभाव तापट. आबा सांगून थकले की, भाऊ, आधी महिनाभर पहिलं लावू, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते बघू, यादी पुरी करू, मग कडक करू. भाऊंना ‘नन’, म्हणजे काहीच नाही, हा अपमान वाटला. आमच्या नावाने कोणी काही पाठवेल आणि आम्ही नुसतं बघत बसू? तिसरंच लावा, आत्ताच्या आत्ता. आबांनी शेवटी वैतागून लावलं.

झालं काय, की पॅकिंग हाउसमधून मालाचे मेल जायचे ते एका भलत्याच सॉफ्टवेअरवरून, आणि ते यादीत नव्हतं. कोणालाच आठवलं नव्हतं. भाऊंचे सगळे मेल तिकडच्या दारातून परत. घेणाऱ्याला वाटलं, याने माल पाठवायचं रद्द केलं, त्याने दुसरीकडून घेतला.

केळी काही मेलची वाट बघत नाहीत. ट्रकमध्येच पिवळी पडायला लागली. भाऊंचा फोन आला तेव्हा आवाज अगदी खाली गेलेला. ‘आबा, मी माझ्याच दारातून परत आलो हो.’

आम्हाला हसू फुटलं होतं. आबा हसले नाहीत. ती केळी गुरांना घातली, आणि भाऊ त्या मोसमात पुन्हा उभे राहिले नाहीत.

*

चाळीसगावच्या एका वधूवर मंडळाचं काम होतं. त्यांचे सेक्रेटरी नाना अति सावध माणूस, त्यांनी मधलं बोट पकडलं. परका असला तर बाजूला बसवा, अपमान नको कोणाचा.

पण मंडळाची वेबसाइट ज्या सर्व्हरवरून बायोडाटे पाठवायची, तो बदललेला नानांनी आम्हाला सांगितलंच नाही. सगळे बायोडाटे समोरच्यांच्या स्पॅममध्ये जाऊन बसले. एका मुलाला एक मुलगी फार पसंत होती, दोन्ही घरं स्टेशनच्या एकाच बाजूची. मुलाकडचे म्हणत, पाठवून दोन महिने झाले, साधं उत्तर नाही, शेफारलेत. मुलीकडचे म्हणत, तोंडी एवढं बोलले आणि बायोडाटा पाठवायचं जिवावर येतं. शेवटी तिचं लग्न नाशिकला झालं.

पुढे तिच्या वडिलांना कसलंसं बिल शोधताना स्पॅममध्ये तो बायोडाटा सापडला. ते तो मोबाइल घेऊन थेट जळगावला आमच्या ऑफिसात आले. भांडायला आले असतील म्हणून मी उठून उभी राहिले. त्यांनी फक्त विचारलं, ‘हा मुलगा अजून आहे का हो?’

पोरीचं लग्न होऊन गेलेलं. कशासाठी विचारलं, ते त्यांनाही माहीत नसावं. अक्कांनी वरून चहा पाठवला, तो त्यांनी घेतला नाही.

*

हा किस्सा इरफानचा आहे आणि तो स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

धुळ्याच्या एका संस्थाचालकांनी पाच-सहा डोमेनं घेऊन ठेवलेली. पुढेमागे नर्सिंग कॉलेज काढू, फार्मसी काढू. हायवेच्या कडेला रिकामा प्लॉट, त्यावर बाभळी आणि एक फलक. आबा म्हणाले, यांनाही पॉलिसी लावू. संस्थाचालक म्हणाले, जिथून एक मेल जात नाही तिथे कसली पॉलिसी लावता, उगीच कामं काढू नका.

कोणीतरी त्याच नर्सिंग कॉलेजच्या नावाने प्रवेशाचे मेल पाठवले. साक्रीकडचा एक बाप मुलीला घेऊन आला. सोबत पेटी, गादीची वळकटी, नवी कोरी बादली. प्लॉटसमोर दोघं दुपारभर उभे. संस्थेतून इरफानला फोन आला, तू धुळ्याचाच ना, जरा जाऊन बघ.

इरफान गेला. त्याने समजावून सांगितलं. बाप सगळं ऐकून म्हणाला, ‘पण हिला गावात सगळ्यांनी ओवाळून पाठवलं आहे. मी हिला परत कसं नेऊ?’

इरफानने दोघांना घरी नेलं, जेवू घातलं, आणि एसटीत बसवून दिलं. बादली ती मुलगी त्याच्याकडेच विसरली. की ठेवून गेली, कोण जाणे.

आबांनी त्या दिवशी त्या संस्थेला न विचारता सगळ्या रिकाम्या डोमेनांना रिजेक्ट लावलं. आम्हाला म्हणाले, ‘जिथून मेल जातच नाही, तिथे पहिल्या दिवशी तिसरं. विचारत बसायचं नाही.’

*

आणि आता आबांच्याच डोमेनवरून खरा मेल एकही जात नव्हता.

मी अक्कांना दोनदा समजावलं. त्यांच्याही मोबाइलवर ते खोटे मेल यायचे. त्या वाचायच्या नाहीत, नाव तेवढं बघायच्या. मला म्हणाल्या, ‘खोटा शे, माले समजस. पन त्यासना नाववर कोनी येस तरी.’ खोटं का होईना, त्यांच्या नावाने कोणीतरी येत होतं. मी खाली निघून आले आणि पोर्चमध्ये उभी राहून रडले.

शेवटी इरफान वर गेला. त्याने अक्कांना त्या साक्रीच्या मुलीची गोष्ट सांगितली, बादलीसकट. बऱ्याच वेळाने अक्का जिन्यात आल्या. पंगतीचं ते भाषण त्यांनी वरून हजारदा ऐकलेलं. मला तीन बोटं दाखवली. ‘तिसरं लाई दे. पन कोन उना व्हता, ते माले रोज सांगनं पडी.’

ते जमण्यासारखं होतं. रिजेक्ट लावलं तरी, कोणी तुमच्या नावाने यायचा प्रयत्न केला त्याचे रिपोर्ट येतातच. मी अक्कांच्या मोबाइलवर एक साधं पान करून दिलं. कुठून आला, किती वेळा आला, आणि पुढे ‘परत’. गाव अंदाजाने दिसतं.

मग रोज सकाळी अक्का जिन्यातून सांगायच्या. आज रशियाना. आज दिल्लीकडना दोन. आबांना कधी पुण्यापलीकडे जाऊ न दिलेली बाई, सगळी दुनिया त्यांच्या दारात येऊन परत चाललेली रोज मोजत होती.

पण सगळेच मेल परत यायला लागले की चोरही कंटाळतो. रोजचे दोन होते ते आठवड्याचे दोन झाले. मग पान कोरंच राहायला लागलं. आम्हाला हवं होतं तेच झालं होतं, आणि आम्ही दोघंही जिन्याकडे बघायचं टाळत होतो.

चौथ्या कोऱ्या दिवशी अक्का स्वतः खाली आल्या, मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘कोनीच उनं नही का? काही बिघडनं व्हई. देख बरं.’

इरफान म्हणाला, ‘सर्व्हरचं काम चालू आहे अक्का. येईल.’ त्या दिवशी तो ऑफिसचा लॅपटॉप घेऊन लवकरच्या एसटीने धुळ्याला गेला.

दोन दिवसांनी सकाळी जिन्यात अक्कांची चप्पल वाजली. इरफान स्क्रीनमध्ये तोंड घालून बसला होता. अक्का खालच्या पायरीवर थांबल्या आणि त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलल्या.

‘एकच व्हता. धुयाना. दारमाईनच परत गया बिचारा.’

मी इरफानकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

‘तो जेवना का,’ अक्का म्हणाल्या, ‘ईचार त्याले.’