चिंचेने घासलेला सम्राट

शुक्रवार, १२ एप्रिल २००२. शारजा, रोल्लामधला आमचा फ्लॅट. हजर: नवरा, मी, चौदा वर्षांची मुलगी आणि अल मजाजहून आलेला नवऱ्याचा जुना मित्र.

मित्र पदकं जमवायचा. नवऱ्याकडे एकच होतं, मेक्सिकोचं, ब्राँझचं, १८६४ सालचं. हॉटेलच्या नोकरीत एका म्हाताऱ्या पाहुण्याने दिलेलं. नवऱ्याची किमो थांबवून तीन आठवडे झाले होते. आपल्यामागे पदक जाणत्या माणसाकडे जावं एवढंच त्याला हवं होतं, म्हणून मित्राला जेवायला बोलावलं होतं.

सकाळची माझी कामं: मटण, चादरी, औषधं, पदक. नाताळाआधी चर्चच्या आल्तारावरचे पितळी स्टँड घासते, तसं ते चिंच-मिठाने घासलं. लख्ख निघालं.

नवऱ्याने डबी उघडली, पदक उलटसुलट करून पाहिलं. मग मुलीला पदकावरचा चेहरा दाखवू लागला. हा ऑस्ट्रियाचा राजपुत्र. फ्रेंच फौजेने याला मेक्सिकोचा सम्राट म्हणून बसवलं, त्या आगमनाचं हे पदक. निवडून आलेला अध्यक्ष उत्तरेकडे हटला, पण देश सोडला नाही. तीन वर्षांत फ्रेंच परत गेले आणि अध्यक्षाच्या सैनिकांनी याला गोळ्या घातल्या.

“सो ही वॉज द बॅड गाय?”

“अगं, याला सांगितलं, सगळा देश तुला बोलावतोय. बोलावत होते जमीनदार आणि पाद्री.”

“अध्यक्षाने चर्चच्या जमिनी काढून घेतलेल्या ना,” मित्र म्हणाला. “आपल्या वसईत कुणाची हातभर वाडी घेऊन बघ, काय करतात ते!”

सगळे हसलो. मग मित्राने पदक खिडकीशी धरलं.

“वहिनी, घासलंत?”

“हो. पाहुण्यांसमोर काळं कसं ठेवायचं?”

“तो काळा रंग सव्वाशेवर वर्षांचा होता. आम्हा जमवणाऱ्यांत त्यालाच किंमत…”

“खलास, पुरे झालं,” नवरा घाईने म्हणाला. “मला असंच आवडतं.”

मित्राने पदक डबीत ठेवलं. “राहू दे वहिनींकडेच. घरची आठवण.”

नवऱ्याने मान हलवली. मटण त्याने चिवडलं फक्त.

मे महिन्यात तो गेला. त्या आजारपणात माझ्याकडून एक गोळी चुकली नाही, एक अपॉइंटमेंट नाही. पदकाबद्दल आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही. नंतर मी दुबईतल्या दोन संग्राहकांना फोन केले. चिंचेने घासलंय हे आधीच सांगितलं. दोघांनी नम्रपणे नकार दिला.

पदकासाठी माणूस अजून शोधायचा आहे.