भोकरीची वाटणी

कुठल्याही घरी एसी दुरुस्तीला गेले की काका आधी अंगणातलं झाड बघायचे. घरमालक घामाने निथळत दारात उभा असला तरी यांची मान वर. "आधी झाड, मग मशीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाच्या घाईत त्यांचा भारी राग येतो, निदान मला तरी यायचा.

काका साताऱ्याकडच्या पाटणचे. आमची कंपनी बहारीनमध्ये, मीना सलमानला, आणि कोणी कुठल्या घरी जायचं हे ठरवणं माझं काम. मुहर्रकच्या जुन्या वस्तीतलं एक घर मात्र काकांनी मागून घेतलं होतं, कारण तिथल्या अंगणात भोकर होती. इथे तिला बंबर म्हणतात. मार्चमध्ये ती पांढऱ्या फुलांनी भरली की काका मला फोन करायचे, "ताई, फुलली बघा," आणि कामाचं काही न सांगताच फोन ठेवायचे. एकदा मी मुद्दाम बघायला गेले. फुलं बारीक, वास मंद, पण मधमाश्यांनी झाड नुसतं गुणगुणत होतं. त्या धुळकट गल्लीत मला फार बरं वाटलं.

घर एका म्हाताऱ्या बहारिनी बाईंचं. काका त्यांना माँजी म्हणत. एका मे महिन्यात काकांनी थोडी फळं मागितली. माँजी "ले लो" म्हणाल्या आणि दोन दिवसांसाठी लेकीकडे अमवाजला गेल्या. काकांनी शिडी लावली आणि अख्खं झाड उतरवलं. हिरवीगार, कोवळी भोकरं, अगदी लोणच्याजोगती! माँजींच्या वाट्याची बादलीभर त्यांच्या दारात ठेवली, वर ओलं फडकं घालून. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

माँजींचा ऑफिसला फोन आला. हा माणूस पुन्हा पाठवू नका म्हणाल्या. त्या वर्षभर बंबर पिकायची वाट बघत. जूनअखेर झाड नारिंगी फळांनी लगडलं की शेजारणींना बोलावून खाली बसून खात. त्या वर्षी खायला एकही फळ उरलं नव्हतं.

हे सांगितल्यावर काका म्हणाले, "पिकल्यावर कोण खातंय ताई? शेंबूड होतोय त्येचा. आम्ही पतंग चिकटवायचो त्येनं." दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. ती भोकर आता पुन्हा दिसणार नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. काकांनी मान खाली घालून, आपल्या मोडक्या हिंदीत, पतंगासकट सगळं सांगितलं.

"तो हम साठ साल गोंद खाया?" माँजींनी विचारलं, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

त्याच दिवशी जुन्या ओढणीची पट्टी फाडून त्यांनी रस्त्याकडच्या फांदीला बांधली. ती बाजू काकांची, हिरवी असताना काढायची. घराकडची माँजींची, पिकेपर्यंत हात लावायचा नाही.

सहा वर्षं ही वाटणी चालली. जूनमध्ये काही ना काही निमित्त काढून काका तिथे जायचेच. रस्त्याकडे नुसती पानं, घराकडे नारिंगी घोस. एकदा माँजींनी आग्रह करून त्यांना पिकलेलं भोकर खायला लावलं. बोटं चिकटली, मिशी चिकटली, तरी काका गोड आहे म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात काका कायमचे गावी गेले. यंदा जुलैत माँजींनी मला बोलावून काकांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. घराकडची फांदी खाऊन रिकामी झाली होती. रस्त्याकडची नारिंगी भोकरांनी वाकली होती, आणि खाली पडली तेवढीच काय ती कमी झाली होती.

"तुम्हारा वाला हम नहीं खाया," माँजी म्हणाल्या.

काकांनी परोपरीने सांगितलं, खाओ माँजी, सब आपका है. माँजी मान हलवत राहिल्या. मग काका मला म्हणाले, "ताई, मोबाईल जरा वर धरा." मी धरला. हात भरून आला तरी धरूनच उभी राहिले, कारण पाटणहून काका अजून बघत होते.