बसलेल्याला मारायचं नाही

अचलपुरात शाकीबच्या गेमच्या दुकानात एकच कायदा होता. बसलेल्याला मारायचं नाही.

दुकान म्हणजे त्याचे वडील मुनव्वरचाचा यांच्या गादीकामाच्या खोलीचा पुढचा अर्धा भाग. मागे कापूस पिंजणं, पुढे टीव्ही. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, जिनिंगच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि गावात रिकामी तरणी माणसं उदंड झाली होती. गादी कोणी शिवत नव्हतं, पण गेमला गर्दी असायची. आमचं घर भिक्षुकाचं. यजमानाकडची पूजा आटोपली की मी सोवळं पिशवीत कोंबून थेट तिथे. शाकीब मला महाराज म्हणायचा आणि हरवताना जराही भीड ठेवायचा नाही.

सगळ्यांचा जीव एका जुन्या जपानी गेमवर. कुठल्याशा जपानी कार्टूनवरून केलेला होता म्हणे. ते कार्टून आम्ही पाहिलं नव्हतं आणि पडद्यावरचं एक अक्षर कोणाला लागत नव्हतं. मारामारीच्या इतर गेमांत दोघं समोरासमोर उभे राहून गुद्दागुद्दी करतात. यातले गडी आभाळात उडायचे, डोंगरापलीकडे जायचे, आणि फार लांब गेले की पडदाच मधोमध दुभंगायचा. प्रत्येक वाराला दम खर्च व्हायचा. दम संपला की गडी गुडघ्यावर बसून धापा टाकायचा. तो उठेपर्यंत समोरच्यानं खेळायचा रिमोट मांडीवर ठेवायचा, असं शाकीबनं शिकवलं. तो गेमचाच नियम आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारणार कोणाला?

देवमन शाकीबचा जिगरी. खेळ शाकीबकडूनच शिकला, आणि दुपारचं जेवणही बहुतेक त्याच्या आईच्या, हाजराचाचीच्या हातचं. अकोल्यात एका बड्या दुकानदारानं याच गेमची स्पर्धा ठेवली. जिंकेल त्याला नव्या गेम पार्लरचं कायमचं काम. शाकीबसाठी ते काम म्हणजे रुबीना होती. आधी धड काम दाखव, मग निकाहाचं बोलू, असं तिच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि देवमनला हे सगळं ठाऊक होतं.

आम्ही तिघं एसटीनं गेलो; नावं त्या दोघांनी दिली. पहिल्याच सामन्यात अकोल्याच्या एकानं बसलेल्या गड्याला झोडपून काढलं.

"हा कावून मारून राहिला, महाराज? तो तं बसला हाये," शाकीब म्हणाला.

मागचा एकजण हसला. "बसल्यावरच तं मारतेत, भाऊ."

तेव्हा आम्हाला कळलं की तो नियम जपानचा नव्हता, शाकीबचा होता. तरी शाकीब एकेकाला हरवत गेला. शेवटच्या सामन्यात देवमनशी गाठ पडली तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

"आता घरातलाच मानूस हाये," तो मला म्हणाला.

आधी देवमनचा गडी बसला. शाकीबनं रिमोट मांडीवर ठेवला. लोक खिदळले, तरी तो थांबला. देवमनचा गडी उठला. मग शाकीबचा बसला. शाकीबनं पुन्हा रिमोट खाली ठेवला आणि तळहाताचा घाम पुसू लागला. देवमननं मारलं. गडी आडवा होईपर्यंत मारत राहिला.

"देवमन, मी बसलो होतो."

"खेळात असं काई नाई, शाकीब. ते तू बनोलं होतं."

माझं डोकं असं फिरलं की तिथेच त्याची गचांडी धरावी. शाकीबनंच मला बाहेर ओढलं. देवमन त्या कामावर अकोल्यातच राहिला. रुबीना पुढच्या वर्षी अमरावतीला दुसऱ्या घरी गेली. शाकीबनं टीव्ही विकला आणि बापाचं काम धरलं.

मध्यंतरी देवमन आला, मुलीच्या लग्नातल्या गाद्या सांगायला. मी तिथेच बसलो होतो. गाद्या मी भरणार असतो तर कापसाबरोबर खाजकुयलीही घातली असती. शाकीबनं पाणी दिलं, कापूस दाखवला.

"अजून राग हाये का मनात?" देवमननं विचारलं.

"मारलं, त्याचा नाई," शाकीब म्हणाला. "ते खेळात होतंच. पन मारायच्या आधी तू माह्या हाताकडं पायलं होतं, रिमोट खाली ठेवला का म्हनून."

 देवमननं गाद्यांचं माप सांगितलं.