माझी बाजू

आयुष्यभर हैदराबादच्या कोर्टात वकिली केली. साक्षीदाराला खोटं पाडायची सवय हाडीमासी खिळलेली. मेंदूचा झटका येऊन गेल्यावर अक्का, माझी थोरली बहीण, चटणी वाढलीय म्हणाली की मी ताटावर बोट ठेवून विचारायचो, कुठं आहे दाखव. डॉक्टरांनी समजावलं होतं, डोळे ठणठणीत आहेत, मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. समजायचं, पण जेवायला बसलं की भूक बोलायची.

अक्का माझ्यासाठीच लातूरहून चिक्कडपल्लीला माझ्या घरी येऊन राहिलेली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडेच वाढणार. माझ्या मुलीने सगळं उजवीकडे वाढायला सांगितलं, तर म्हणाली, श्राद्धाचं ताट आहे का, उलटं वाढायला? त्यात वाढायला बसायची तीही माझ्या डावीकडे. तिने हाक मारली की मी उजवीकडे शोधायचो. हा मुद्दाम तोंड फिरवतो, असं तिने मनाला लावून घेतलं आणि एके दिवशी बॅग भरली. आई गेल्यावर मला हिनेच लहानाचं मोठं केलेलं. पण ताठा कुठं जातो? हौ, जा म्हणालो.

मुलगी कुकटपल्लीच्या एका ऑफिसात नर्सिंगच्या पोरींसाठी व्हर्च्युअल रिअॅलिटीचे धडे तयार करते. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण थेट पेशंटच्या जागी. तेव्हा माझ्याच आजारावर धडा चालला होता. रोज संध्याकाळी माझी उलटतपासणी घ्यायची. माझी! पोरी पुस्तकातलं पाठ करतात नि परीक्षा झाली की विसरतात, म्हणायची. अर्ध्या ताटावरून उठल्या तर जन्मात विसरणार नाहीत.

अक्का निघायच्या आदल्या दिवशी मुलीने हेडसेट घरी आणला आणि आत्याच्या डोळ्यांवर चढवला. आत ताट वाढलेलं. अक्काने भात पाहिला, भाजी पाहिली आणि भडकली, "कोणी वाढलंय हे? चटणी कुठंय?"

धड्यात पुढे डावीकडून एक बाई हाक मारते, पण हाक उजवीकडून आल्यासारखी वाटते, हे मला ठाऊक होतं. अक्का मान वळवून वळवून उजवीकडे शोधायला लागली. कोण बोलतंय, कोण बोलतंय, विचारत राहिली. मग वळवलेली मान तशीच थबकली.

किती अशिलांची बाजू मी मांडली. माझी स्वतःची मात्र मला मांडता आली नव्हती. ती माझ्या लेकीने एक अक्षर न बोलता मांडली. वकिली पोरीने करायला हवी होती, असं वाटून गेलं, आणि लगेच वाटलं, नको, हेच बरं.

अक्काने हेडसेट काढला, पदराने डोळे पुसले. खुर्ची उचलून माझ्या उजव्या हाताला आणून ठेवली नि बसली.

"आता दिसते का रे मी?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. झटक्यानंतर तिला इतकं जवळून पाहिलंच नव्हतं.

"दिसतेस," म्हणालो. "किती वाळलीस गं, अक्का."