सरपंचाने अंग झाडलं नाही

धाकटी बहीण गेली त्यानंतर मी देवापुढे दिवा लावत होते, पण काही मागत नव्हते. दूध तापवणं, डबे भरणं, पंप बंद करणं आणि दिवा, अशी ती सकाळच्या कामांतली एक बाब झाली होती. देवावर रागावले होते असं म्हणणार नाही. मागून काही मिळतं यावरचा भरवसा गेला होता, आणि ज्याचा भरवसा नाही त्यावर वेळ घालवायचा माझा स्वभाव नाही. मी ऑफिसात ऍडमिन बघते. घरीही फ्रिजवर रोजच्या कामांची यादी लावलेली असते आणि झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे म्हणतात, हिच्या यादीत फक्त 'श्वास घेणे' लिहायचं राहिलंय.

बहिणीची मुलगी सई आमच्याकडे पनवेलला आली तेव्हा चौथीत होती. तिचे बाबा जहाजावर असतात, घरी येतात ते सुट्टीपुरते. आमचा मुलगा शिकायला पुण्यात, त्याची खोली रिकामी. त्यामुळे ती इथे राहणार हे कोणी न बोलताच ठरलं. मी लगेच कामाला लागले. शाळेचा प्रवेश, गणवेश, शाळेतल्या समुपदेशक बाईंची भेट, चित्रकलेचा क्लास, पोहणं. एकेकावर काट बसत गेली. सई कशालाच नाही म्हणाली नाही, आणि खरी काळजी तीच होती. ती रडली नाही, चिडली नाही, हट्ट केला नाही. दुधीची भाजी कुठलं मूल मुकाट्याने खातं? ही खायची आणि ताट उचलून बेसिनमध्ये ठेवायची. 'हो', 'चालेल', 'झालं' एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. समुपदेशक बाई म्हणाल्या, तिला रडू येईल तेव्हा येईल, घाई करू नका. सगळं सांगा, पण वाट बघणं मला जमत नाही.

आमची सोसायटी नेरे रस्त्याला आहे. तळमजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर मागच्या भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडे घरतांचं अंगण. ही सगळी जमीन पूर्वी त्यांचीच. शेती गेली, तिथे आमच्यासारख्यांच्या इमारती आल्या. घरतांनी स्वतःसाठी बंगला बांधला, पण अंगण, आंबा आणि कोंबड्या ठेवल्या. घरात हिराबाय, त्यांचा मुलगा दिलीप, सून आणि नात रिद्धी. रिद्धी सईएवढीच, पण आवाज चौघींचा.

त्या अंगणात आंब्याखाली लोखंडी पिंजऱ्यात एक कोंबडा होता. तांबडा, उंच तुऱ्याचा, मान काढून इकडून तिकडे फेऱ्या मारणारा. बाकीच्या कोंबड्या मोकळ्या, हा एकटाच आत. सई संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून त्याच्याकडे बघत बसायची. एक दिवस भिंतीवरून रिद्धीचं डोकं वर आलं आणि तिने सरळ विचारलं, "तू मुकी हायस काय?" सई म्हणाली, नाही. "मग बोल ना. हा बघ, सरपंच. दिवसभर बोलतो, कोन ऐको ना ऐको." मी आत भाकरी थापत होते. सईच्या घशातून एक बारीक आवाज आला. तो हसण्याचा होता हे कळायला मला थोडा वेळ लागला.

त्यानंतर सई शाळेतून आली की दप्तर टाकून पलीकडे पळायची. बोलायची अजूनही कमीच, पण रिद्धीला समोरच्याने बोलण्याची गरजच नसे. दोघी मिळून सरपंचाला दाणे घालत, त्याला शाळेतल्या गोष्टी सांगत. उन्हाळा लागला तसा तो चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला. सईने मला हात धरून नेलं आणि दाखवलं. मी मोबाईलवर वाचून काढलं. कोंबड्यांना घाम येत नाही, उन्हाने त्या मरतातही. मग मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, गार पाण्याचं भांडं, आणि दुपारी व संध्याकाळी अंगावर पाणी मारायचं. फ्रिजवरच्या यादीत 'सरपंच, पाणी' अशी ओळ आली. पहिल्यांदा पाणी उडालं तेव्हा त्याने पंख फडफडवून अख्खा पिंजरा हलवला. पुढे त्याला ते इतकं आवडायला लागलं की मुलींच्या हातात तांब्या दिसला की तो जाळीपाशी येऊन मान पुढे करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

चैत्र लागला आणि हिराबायनी जत्रेचं आमंत्रण दिलं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या गावदेवीचं देऊळ आहे. मागच्या वर्षी दिलीपला पळस्प्याच्या फाट्यावर ट्रेलरने उडवलं होतं. वाचेल असं कोणी धरलं नव्हतं, तेव्हा हिराबायनी देवीला नवसाचा कोंबडा बोलला होता. दिलीप वाचला, जरा लंगडत का होईना चालायला लागला. आणि बोललेला कोंबडा म्हणजे सरपंच. म्हणूनच तो पिंजऱ्यात होता, देवीची वस्तू हरवू नये किंवा मांजराने नेऊ नये म्हणून.

आम्ही रविवारी चिकन आणणारी माणसं. कोंबडा कापण्याबद्दल मी कोणाला उपदेश करावा असं काही नव्हतं, आणि ज्या बाईचा मुलगा मरणातून परत आला तिच्या नवसाबद्दल मी काय बोलणार? पण सईने आत्ता कुठे एका जिवाला जीव लावला होता. मी लगेच ठरवलं, जत्रेच्या दिवशी तिला पुण्याला न्यायचं, आणि हळूहळू सांगू. तर कळलं की रिद्धीने तिला हे केव्हाच सांगितलं होतं. पुण्याचं ऐकल्यावर सई म्हणाली, "मला जत्रेला जायचंय. आईच्या वेळी मला शेजारी पाठवलं होतं." आवाज चढवला नाही. मी पुण्याचा बेत रद्द केला.

त्याच संध्याकाळी मी पलीकडे भांडं परत द्यायला गेले होते. हिराबाय करंजा बंदरावरून आणलेली सुकट निवडत ओट्यावर बसल्या होत्या. सई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एवढ्या महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब बोलणं बोलली. "आजी, दिलीपकाकांसाठी तुम्ही देवीला कोंबडा बोललात. माझ्या आईसाठी आमच्यातलं कोणीच काही बोललं नाही. म्हणून ती गेली का?"

हा प्रश्न ती किती दिवस एकटी घेऊन फिरत होती, देव जाणे. मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. हिराबायनी सुकट सुपात टाकली, पदराला हात पुसले. "हिकडं ये गो. माज्या म्हाताऱ्यासाठी आमी बोकड बोललो होतो. तरी तो गेला. बोकड कमी पडला म्हनून नाय गेला. आन तुजी आई कोन काय बोलला नाय म्हनून नाय गेली."

"मग दिलीपकाका?"

"तो ऱ्हायला. कनाला ऱ्हायला, मना नाय म्हाईत. ऱ्हायला म्हनून मी तिचा मान देतंय, येवढाच."

सईने मान हलवली. रडली नाही. तांब्या घेऊन सरपंचाला पाणी मारायला गेली.

जत्रेच्या सकाळी आमच्या गाडीत हे चालवायला, त्यांच्या शेजारी हिराबाय, मागे मी आणि दोघी मुलींच्या मांडीवर पिंजरा. दिलीप आणि बाकीचे दुसऱ्या गाडीने. देवळापाशी पाळणे, भोंगे, साखरेच्या गाठी, गुलाल, सगळा गजबजाट. सरपंचाला पिंजऱ्यातून काढलं, हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची छोटी माळ घातली. त्यांच्याकडे रीत अशी की भगत कोंबड्यावर पाणी शिंपडतो. कोंबड्याने अंग झाडलं की देवीने मान घेतला, मग पुढचं. अंग झाडलं नाही तर ती घेत नाही. आणि कोंबड्यावर पाणी पडलं की तो अंग झाडतोच. हिराबाय म्हणाल्या, त्यांच्या आठवणीत एकही न झाडता राहिला नव्हता.

सईने एका हाताने माझा हात धरला होता, दुसऱ्याने रिद्धीचा.  मी काहीतरी करायला हवं असं मला वाटत होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. एकही काम नाही, एकही फोन नाही. समोर देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला बिनचेहऱ्याचा दगड. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा मी हात जोडले. कोंबडा वाचू दे म्हणावं तर दिलीपच्या जिवासाठी बोललेला शब्द मोडतो. नवस पुरा होऊ दे म्हणावं तर ही पोर. काय मागावं तेच ठरेना. शेवटी एवढंच म्हणाले, तू बघ.

भगताने पाणी शिंपडलं. सरपंचाने मान पुढे केली आणि डोळे मिटले.

भगताने पुन्हा ओंजळ मारली. सरपंचाने चोच उघडून ओघळणारे थेंब प्यायले.  मग भगताने सगळा तांब्या त्याच्या अंगावर ओतला, तर सरपंच पाय दुमडून देवीसमोर आरामात खाली बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "सरपंच बिनविरोध सुटला." दबकं हसू पसरलं. भगताने हिराबायकडे पाहिलं. त्यांनी देवीकडे पाहिलं, मग सईकडे. म्हणाल्या, "नको बोलते ती. नारळ फोड."

आणि सई रडली. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, तोंड उघडं टाकून, भोंग्याच्या वर ऐकू जाईल अशी. रिद्धी गोंधळली. "वाचला ना तो? मग रडतेस कनाला?" सई हुंदक्यांतून म्हणाली, "मला आई हवीये."  रिद्धीने सरपंचाला उचलून ओल्याच्या ओल्या सईच्या कुशीत दिलं आणि स्वतः तिला चिकटून बसली. मी तिथेच मातीत फतकल मारली. सईबरोबर मीही रडले, बहीण गेल्यानंतर पहिल्यांदाच. मनावरचं ओझं उतरणं म्हणजे काय, ते मला त्या गर्दीत कळलं.

परतताना मला राहवेना. चूक राहू द्यायची सवय नाही. मुली माझ्या शेजारी पिंजऱ्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. मी हिराबायना हळूच सांगितलं, तो हलला नाही कारण त्याला पाण्याची सवय झाली होती, रोज दोनदा मीच मारायला लावत होते. आता नवसाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. हिराबाय बाहेर बघत म्हणाल्या, "मना म्हाईत हाय. माज्या ओट्यावरूनच दिसतं सगला." मग माझ्याकडे वळल्या. "पन पानी मारायला तुमाला कोनी सांगितला?"

मोबाईलवर वाचलं, असं उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते दिलं नाही. अजूनही मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसत नाही.

देवीने परत दिलेला कोंबडा, म्हणून सरपंचाला आता कोणी हात लावत नाही. तो मोकळा फिरतो, भिंतीवर चढून आमच्या सोसायटीच्या गाड्यांवर घाण करतो, आणि मीटिंगमध्ये त्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. पिंजऱ्याचं दार काढून टाकलं. हिराबायनी त्यावर दुधीचा वेल सोडलाय. सई अजून रडते, कधी शाळेतून आल्यावर, कधी उगाच. रिद्धीशी कडाकडा भांडते आणि तासाभरात पुन्हा पलीकडे जाते. आईबद्दल बोलते. बाबांचा फोन आला की आता त्यांनाच बोलायला संधी मिळत नाही.

परवा हिराबायनी वेलावरचा पहिला दुधी पाठवला. मी भाजी केली. सईने ताटाकडे पाहिलं आणि ते पुढे सरकवलं. "मावशी, मला दुधी नकोय. किती वेळा करतेस गं?" आमचे हे तोंड वळवून हसायला लागले. मी तिच्या पोळीला तूप-साखर लावून दिली.

हल्ली सकाळी दिवा लावते तेव्हा मी मागते. फार काही नाही. तू बघ, एवढंच म्हणते. आणि मग यादी करायला घेते.