हॉल्टवरच्या कुरडया

आमच्या घरासमोर रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे रेल्वेचा हॉल्ट. फलाट, पत्र्याची शेड आणि गावाच्या नावाची पाटी, एवढंच. स्टेशनमास्तर नाही, तिकीटवाला नाही, झाडूवाला नाही. सकाळी पॅसेंजर मिनिटभर थांबते, आम्ही फोनवरच तिकीट काढून चढतो. मी सांगलीला एका शाळेत कारकून आहे, त्यामुळे ही गाडी रोजचीच.

ज्या घराला मालक नाही ते आपलंच, असं माझ्या सासूबाईंना वाटत असावं. आधी त्यांनी फलाट झाडायला घेतला. मग शेडच्या खांबाला दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या. यंदा उन्हाळ्यात गच्चीच्या पायऱ्या चढायला गुडघे तयार होईनात, तेव्हा कुरडयाही तिकडेच न्यायच्या ठरल्या. मी म्हटलं, "आत्या, सरकारी जागा आहे ती."

"मग? सरकार काय हितं कुरडया घालतंय व्हय?"

त्या दिवशी मी फलाटावर शेडखाली गाडीची वाट बघत होते. थोडं पलीकडे उन्हात जुन्या लुगड्यांवर ओल्या कुरडया आणि शेजारी सोऱ्या घेऊन सासूबाई. तेवढ्यात रुळावरून ढकलट्रॉली आली. वर मोठी छत्री, छत्रीखाली साहेब, मागून ढकलणारी चार माणसं. तपासणी होती. साहेब फलाटावर पाय टाकणार, तोच सासूबाई ओरडल्या, "आवं सायेब, जपून! ओल्या हायत!"

साहेबांनी पाय तसाच हवेत धरला. "हे कुणाचं आहे?"

"माजं."

"आजी, हा रेल्वेचा फलाट आहे."

"व्हय की. पर रेल्वेचं माणूस तुमीच पयलं बघतोय आमी."

ट्रॉलीवाले तोंड फिरवून हसायला लागले. साहेबांना आजूबाजूला शहाणं माणूस हवं असणार. खांद्याला पर्स अडकवलेली मी दिसले. "मॅडम, या तुमच्याबरोबर आहेत का?"

दंड होईल, शाळेत कळेल, असं काय काय डोक्यात आलं आणि मी म्हणाले, "नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "न्हाई वो, ही बाई सांगलीची दिसतीया. मी वळकत न्हाई." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्यांचं संपलं नव्हतं. "सायेब, आलायसा तर बगा. फलाट लय खाली हाय. माज्या सुनंला गाडीत चडाया मागनं ढकलावं लागतंय. वजन हाय जरा."

"कुठं आहेत तुमच्या सूनबाई?"

"आज न्हाई आली."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. ट्रॉलीवाल्यांनी गाडीसाठी ट्रॉली रुळावरून उचलून बाजूला ठेवली आणि पॅसेंजर आली. मी मान खाली घालून दांडी धरली, एक पाय वर टाकला आणि नेहमीसारखी अडकले. मागून दोन चिकट हात पाठीला लागले. "चड गं! डबा घेतलास न्हवं?"

सवयच ती. गाडी हलली तेव्हा साहेब पेन उघडं धरून आमच्याकडे बघत होते. माझ्या साडीवर कुरडयांच्या चिकाचे दहा बोटांचे ठसे होते. शाळेत दिवसभर मी भिंतीला पाठ लावून वावरले.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "बसा पाव्हणं. सांगलीत ऊन लय असंल न्हवं?" दोन दिवस मी त्या घरात पाहुणीच होते. मला भांड्यालाही हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. "आत्या, चुकलं माझं. घाबरले मी."

"घाबरलीस ते दिसलं मला. म्हनून तर तुला सांगलीची केली." मग म्हणाल्या, "पर वाईट वाटलं गं." एवढंच बोलल्या आणि दळण माझ्या हातात दिलं. पाहुणचार संपला.

महिन्याभरात रेल्वेचे दोन कामगार पाटी घेऊन आले. फलाट होता तेवढाच खाली राहिला. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत.' सासूबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली, दोघांना चहा आणि तळलेल्या कुरडया दिल्या आणि म्हणाल्या, "बाबांनू, पाटी जरा पलीकडं रोवा. हितं सावली पडतीया."

त्यांनी खड्डा चार हात पलीकडे खणला.